क्वाड-रिज्ड हॉर्न सिम्युलेट करताय? या चुका टाळा

"सर, मुख्य अक्षावर क्रॉस-पोल −९० डीबी आला!" असा फोन आला की मी अभिनंदन करत नाही. क्रॉस-पोल म्हणजे हव्या त्या दिशेला काटकोनात असलेलं, नको असलेलं विद्युत क्षेत्र. चार रिज (आतले धातूचे उंचवटे) आणि दोन पोलरायझेशन (विद्युत क्षेत्राच्या दिशा) असलेल्या हॉर्न अँटेनामधून असला आकडा निघत नसतो. मी एवढंच विचारतो, "सिमेट्री प्लेन लावलंयस ना?" पलीकडे शांतता. (सिमेट्री प्लेन म्हणजे दोन्ही बाजू सारख्या मानून मॉडेलचा एकच भाग सोडवणं.)

या अँटेनाला दोन कोॲक्स (सिग्नलच्या केबल, म्हणजेच दोन पोर्ट) असतात, एक वरून आणि एक बाजूने. त्यांच्या आत शिरणाऱ्या पिना (प्रोब) एकमेकींना लागू नयेत म्हणून एक जरा पुढे, दुसरी जरा मागे. म्हणजे उभं प्रतल घ्या की आडवं, दोन्ही बाजू सारख्या नाहीतच. तरीही लोक उभ्या प्रतलावर मॅग्नेटिक वॉल आणि आडव्यावर इलेक्ट्रिक वॉल लावतात, 'एका वेळी एकच पोर्ट चालतो ना' म्हणत दुसरा प्रोब पुसतात आणि पाव मॉडेल वीस मिनिटांत सोडवून मोकळे होतात. मॅग्नेटिक वॉल स्वतःला लंब असलेलं विद्युत क्षेत्र शून्य करते. आडवा घटक अक्षावर शून्य असावा असं तुम्हीच सांगून ठेवलंय; −९० हा फक्त आकडेमोडीतला कचरा. आणि इलेक्ट्रिक वॉलमुळे वरच्या कोॲक्सचं प्रतिबिंब खाली उमटतं. सॉफ्टवेअर सोडवतं ते दोन्हीकडून समतोल फीड दिलेला हॉर्न, तुमचा नव्हे.

हे मी इतक्या तावातावाने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. २ ते १८ गिगाहर्ट्झचा हॉर्न होता, मुदत डोक्यावर होती, म्हणून पाव मॉडेलवरच भागवलं आणि ॲल्युमिनियम कापायला पाठवलं. चेंबरमध्ये मोजलं तर दोन पोर्टांमधलं आयसोलेशन (एकाचा सिग्नल दुसऱ्यात न जाणं) काही ठिकाणी जेमतेम २२ डीबी आणि गेनमध्ये (मुख्य दिशेच्या ताकदीत) मधेच एक अरुंद खड्डा. आधी केबलवर संशय घेतला, मग कनेक्टरवर, मग मोजणाऱ्यावर. शेवटी दोन्ही प्रोबसह पूर्ण मॉडेल रात्रभर चालवलं, तर खड्डा जागच्या जागी हजर!

कारण असं, की चार रिजच्या वेव्हगाइडमध्ये (पोकळ धातूच्या नळीत) एक मोड (क्षेत्राची मांडणी) असतो ज्यात वरचा-खालचा रिज एका विभवावर आणि डावा-उजवा दुसऱ्यावर असतात. रिजमुळे त्याची कटऑफ (जिच्याखाली मोड पुढे जात नाही ती फ्रीक्वेन्सी) मूळ टीई१० मोडच्या अगदी जवळ सरकते. कोॲक्स एकाच बाजूने आला की हा मोड जागा होतो, आणि दोन्ही प्रोब त्याला जोडले जात असल्यामुळे आयसोलेशनही तोच खातो. माझ्या इलेक्ट्रिक वॉलने त्याला दारातच अडवलं होतं, मग तो दिसणार कुठून?

नुसता फ्लेअरचा (हॉर्नच्या रुंदावत जाणाऱ्या भागाचा) वक्र जमवायचा असेल, प्रोब नसतील आणि मागून वेव्हगाइड पोर्ट असेल, तर पाव मॉडेल खुशाल वापरा. प्रोब आले की सिमेट्री काढायची. मी तर शेवटी पिन मुद्दाम ०.१ मिमी बाजूला सरकवून पुन्हा चालवतो. तेवढ्याने आयसोलेशन कोसळत असेल, तर वर्कशॉपमध्ये ते कोसळणारच.

दुसरं माझं दुखणं म्हणजे मेकॅनिकलवाल्यांकडून आलेली स्टेप फाइल (थ्रीडी आराखड्याची). एका मुलाचा एस११ (पोर्टवरून परत फिरणारा सिग्नल) खालच्या बँडमध्ये काही केल्या सुधरेना, वरच्या बँडमध्ये मात्र छान. त्याने चार दिवस मागची कॅव्हिटी लांब-आखूड केली. मी झूम करत गेलो, तर टेकायला हवं असलेलं पिनचं सपाट टोक आणि समोरचा रिज यांच्यात ०.०२ मिमीची फट! १.२७ मिमी व्यासाच्या पिनला एवढी फट म्हणजे सुमारे ०.५६ पिकोफॅरडचा कपॅसिटर. २ गिगाहर्ट्झला तो जवळपास १४० ओहम, १८ ला फक्त १६. म्हणून वरचा बँड साळसूद दिसत होता. आयात केलेल्या फाइलमधली पिन मी आता न बघताच पुसतो आणि हाताने नव्याने काढतो, टोक रिजमध्ये अर्धा मिमी घुसवून. मुलं म्हणतात वेळ जातो. चार दिवसांपेक्षा कमीच जातो.

बाकीचं थोडक्यात. एफईएममध्ये (मॉडेलचे छोटे तुकडे करून सोडवण्याच्या पद्धतीत) मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बँडच्या मध्यावर, १० गिगाहर्ट्झला, जुळवून १८ पर्यंत स्वीप करू नका. वर तरंगलांबी १६.७ मिमी उरते आणि मेश जाड पडतो. मॉडेलभोवतीची हवेची पेटी मात्र सर्वांत खालच्या फ्रीक्वेन्सीवर ठरवा: २ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ३७.५ मिमी होते. टाइम-डोमेनमध्ये (पल्स सोडून काळानुसार सोडवताना) ऊर्जा विरायच्या आत सिम्युलेशन थांबवलं की एस११ वर लाटा उमटतात, विशेषतः कटऑफजवळ. त्यांना 'स्मूदिंग' लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. रिजमधल्या गॅपमध्ये मेशचे एक-दोन सेल पुरत नाहीत, मी किमान पाच ठेवतो. गोल पिन अष्टकोनी काढली तर इम्पिडन्स बदलतो. क्रॉस-पोल थीटा-फायमध्ये (गोलीय निर्देशांकांत) नाही, लुडविग-३ या क्रॉस-पोलच्या प्रमाणित व्याख्येत बघायचा.

आणि वरच्या टोकाला मुख्य बीम फुटलेला दिसला, तर लगेच मेशवर खापर फोडू नका. १ ते १८ गिगाहर्ट्झच्या पारंपरिक डबल-रिज्ड हॉर्नमध्ये १२ च्या वर बीम फुटतो आणि ते प्रत्यक्ष मोजमापातही दिसलंय. तुमच्याकडे चार रिज आहेत, म्हणजे मोडही जास्त. आधी मेश दुप्पट करून बघा. फूट तिथेच राहिली, तर सॉफ्टवेअर सोडा आणि फ्लेअर हातात घ्या.