पार्ट नवा, दुखणं जुनंच: जुन्या गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात सकाळी दहालाच बोनेटला हात लावता येत नाही. या दिवसांत दर रविवारी कोणी ना कोणी जुनी मारुती 800 नाहीतर झेन घेऊन माझ्या दारात येतो. वाक्य ठरलेलं असतं. "काका, गाडी लई तापतीया. थर्मोस्टॅट काढून टाकलाय, तरी बी तापतीया." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा, तापलं की उघडणारा वॉल्व्ह.)

मी गॅरेजवाला नाही. घरी एक प्रीमियर पद्मिनी आणि एक कार्ब्युरेटरची 800 आहे. त्या चालत्या ठेवता ठेवता जे कळलं, तेवढंच माझं ज्ञान. पण पंधरा-वीस वर्षं त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहून टाकतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"आपल्याकडं थंडी कुठाय? वॉल्व्ह काढा, पाणी मोकळं फिरू द्या." हा सल्ला आपल्या गावात इतका मुरलाय की थर्मोस्टॅट शाबूत असलेली जुनी गाडी दिसली की मला मालकाचं कौतुक वाटतं.

थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तोवर तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. पूर्ण उघडल्यावर त्याची अडवणूक जवळजवळ संपते. म्हणजे तुमची गाडी शंभराच्या वर जाते, तेव्हा चांगला थर्मोस्टॅट कधीच उघडून बसलेला असतो. मग तो काढून मिळवणार काय? बंद अवस्थेत अडकला असेल तर नवा बसवा. जागा रिकामी ठेवली तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीतल्या सकाळी, इंजिन गरमच होत नाही. चोक ओढून गाडी चालवावी लागते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. ॲव्हरेज पडलं की माणूस कार्ब्युरेटर बदलायला निघतो. बिचाऱ्या कार्ब्युरेटरचा काही संबंध नसतो.

माझ्या भाच्याने 1999 ची 800 घेतली. एप्रिलमध्ये तापमानाचा काटा चढायला लागला. मला विचारायला त्याला वेळ नव्हता. एका मिस्त्रीने अर्ध्या तासात तीन कामं केली: थर्मोस्टॅट काढला, फॅन डायरेक्ट केला (म्हणजे आपोआप चालू-बंद न होता कायम फिरता ठेवला) आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं. पंधरा दिवस गाडी ठीक चालली. मग साहेब चार माणसं बसवून, एसी लावून तुळजापूरला देवीला निघाले. घाटात दुसऱ्या गिअरवर वाफ आली. यांनी टॉवेल गुंडाळून तापलेलं झाकण उघडलं, मनगट भाजून घेतलं आणि वर बाटलीतलं गार पाणी ओतलं. उतरताना गाडी पिकअपला बांधून आणली.

"मामा, आता काय करायचं?"

"आता हेड उतरवायचं," म्हटलं. हेड म्हणजे सिलिंडरांच्या वर बसणारा इंजिनाचा भाग.

दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधे गॅस्केट (हेडखालचं पातळ सील) फुटलेली. हेडवर सरळ पट्टी ठेवली तर खालून फीलर गेजचं पान (फट मोजायची पातळ पत्री) आरामात आत गेलं. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं, ते फेस मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागलं. रेडिएटरची वरची टाकी उघडली तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बुजलेली, अगदी आपल्या गिझरच्या कॉइलसारखी. पंधरा दिवसांत एवढा थर धरत नाही. आधीचा मालकही बोअरचंच पाणी ओतत आला होता.

आणि पहिल्या दिवशी काटा कशाने चढला? रेडिएटरच्या झाकणाने. रबर दगडासारखं कडक, स्प्रिंग मेलेली. लोकांना वाटतं, झाकण पाणी सांडू नये म्हणून असतं. ते दाब धरतं. या गाडीच्या झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं. तेवढा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. दाब गेला की शंभराच्या आतबाहेरच उकळायला लागतं आणि आटत जातं. शे-दीडशेच्या झाकणापायी भाच्याचा एक पगार गेला.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी झाकण, मग पाण्याची पातळी, मग फॅन आपोआप सुरू होतो का, मग रेडिएटरची जाळी आणि नळ्या. थर्मोस्टॅट सगळ्यात शेवटी. आणि रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, अर्धं-अर्धं. नळाला रोज पाणी नसतं हे मलाही माहीत आहे. पण बॅटरीसाठी विकत घेता ना, मग चार लिटर जास्त घ्या.

एका रविवारी सगळंच बदलणं

गाडी मिसिंग मारते म्हणून प्लग, कॉइल, डिलकोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप, कार्ब्युरेटरचं किट असं सगळं एका दमात टाकायचं. गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मग काय विचारता. नवा पार्टही खराब निघू शकतो, ही शक्यता नवशिक्याच्या डोक्यातच येत नाही. त्याच्यासाठी खोक्यातून निघालेली वस्तू म्हणजे देवाचा प्रसाद. मी एक बदलतो, अक्कलकोटपर्यंत जाऊन येतो, मग दुसरं. मित्र हसतात. हसू दे.

मोठे बल्ब, जुनी वायर

ही चूक माझी स्वतःची. पद्मिनीला रात्री नीट दिसत नाही म्हणून मी 60/55 वॅटचे बल्ब काढून 100/90 चे टाकले. पहिल्या रात्री होटगी रोडवर दिवाळी. आठवड्याने मंगळवेढ्याहून परत येताना दोन्ही बाजूंना ज्वारी, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर, आणि डॅशबोर्डमागून जळक्या प्लास्टिकचा वास. मी हात घालेपर्यंत लाइट गेले. गाडी मातीत उतरवून मोबाइलच्या उजेडात बघितलं तर लाइटचा स्विच वितळून वायरला चिकटलेला. बॅटरीची तार काढली आणि सकाळ होईपर्यंत तिथेच बसलो. डास मोजायला भरपूर वेळ होता.

हिशेब सोपा होता, मी केला नव्हता. साठ वॅटचे दोन बल्ब साधारण 10 अँपिअर ओढतात, शंभरचे दोन जवळपास 17. जुन्या गाडीत हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या त्या म्हाताऱ्या स्विचमधून जातो.

नंतर मीटर लावून मोजलं तेव्हा खरी लाज वाटली. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, आणि नवी वायर ओढल्यावर पुन्हा बसवलेल्या साध्या बल्बवरही जवळपास तेवढेच. आधी मात्र जुनी वायर, गंजलेलं अर्थिंग आणि सैल कनेक्टर मिळून व्होल्टेज वाटेतच खात होते. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटतो. म्हणजे बल्ब लहान नव्हताच, त्याला पोटभर मिळत नव्हतं. लो आणि हायसाठी एकेक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, बॉडीचा रंग खरवडून नवं अर्थिंग, आणि बल्ब कंपनीचाच 60/55. आता मला दिसतं आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी कोंबणाऱ्यांना मात्र पुणे हायवेवर मी मनातल्या मनात जे म्हणतो, ते इथे लिहिता येणार नाही.

किरकोळ, पण रोजच्या

टायर. 800 ला 145/70 आर 12 येतो. त्याजागी 155/65 आर 13 टाकला की टायरचा घेर सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढतो. मीटरवर 60 दिसतं तेव्हा तुम्ही 63 च्या आसपास असता, आणि पिकअप मेला म्हणून मलाच विचारायला येता.

ब्रेक ऑइलच्या जागी दुसरं कुठलंही ऑइल नाही. थेंबभरसुद्धा नाही. रबर फुगतं, ब्रेक जाम होतात.

स्पार्क प्लग पान्याने सुरू करू नका. आधी हाताने आटे लागू द्या. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले की दोन मिनिटं वाचवण्याचं सगळं सुख संपतं. हेडचे बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याची स्वतःची गाडी कधी बघितलीय का?

जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड नसेल तर काम उद्या करा. यावर मी चर्चा करत नाही.

पेट्रोलचे पाइप. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि नव्वदच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पाइप बोटाने दाबून बघा. चिकट, मऊ किंवा भेगाळ लागला तर आजच बदला. नवा घेताना इथेनॉल चालणारा आहे का ते विचारा. इंजिनाच्या क्रोमवर खर्च करणारा माणूस या दोन फुटांच्या पाइपवर पैसे वाचवतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओ, मग गॅरेज. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 वाचा. भंगारातून आणलेलं ओम्नीचं इंजिन 800 मध्ये बसतं, चालतंही छान. पण एमएच 13 च्या आरसी पुस्तकावर नंबर एक आणि ब्लॉकवर दुसरा असला, तर पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीला गाडी दारातच उभी राहते. इंजिन कुठून आणलं त्याचा कागदही हवा. "भंगारवाला ओळखीचा आहे" हा कागद नव्हे.

जुना पार्ट लगेच फेकणं

काढलेला पार्ट मी निदान महिनाभर ठेवतो. शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्या याच कामाला येतात. वर चिठ्ठी, तारीख आणि किलोमीटर. नवा बिघडला तर जुना हाताशी असतो, आणि मुख्य म्हणजे खरा दोषी कोण होता हे निवांत तपासता येतं.

भाच्याच्या गाडीचं हेड फेस मारून आलं त्या दिवशी डॅशबोर्डच्या खणात काही सापडतं का म्हणून हात घातला. मिस्त्रीने काढलेला थर्मोस्टॅट तिथे फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, बाजूला थर्मामीटर धरला आणि गॅस लावला. 82 ला हलला, 90 च्या पुढे पूर्ण उघडला. गार पाण्यात टाकला, मिटला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. भाचा शेजारी मनगटाला मलम लावून उभा होता, काही बोलला नाही. तोच थर्मोस्टॅट आजही त्या गाडीत आहे.