हृदय प्रत्यारोपणानंतर या चुका टाळा: नको तिथे कडक, हवं तिथे ढिले

हृदय बदलून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन तऱ्हांनी वागवतात. पहिले काही महिने त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. आणि वर्ष उलटलं की "आता तं बरा झाला न जी, काही होत नाही" म्हणत लग्नाच्या पंगतीत नेऊन बसवतात. माया दोन्हीकडे असते, फक्त तिची दिशा चुकते. चालण्याफिरण्यावर, कामावर, बाहेर पडण्यावर बंदी. गोळीची वेळ, काढे आणि तपासणीच्या तारखा यांत मात्र "चालते" असा कारभार. पाच-सहा गोष्टींत शिस्त पाळली, तर बाकीचं आयुष्य बऱ्यापैकी मोकळेपणानं जगता येतं.

मोकळं म्हणजे किती, असं घरचे हमखास विचारतात. १९६७ साली केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ज्याच्यावर पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं. आज जागतिक नोंदींनुसार निम्म्याहून अधिक रुग्ण १२ वर्षांच्या पुढे जातात. १९८४ साली हृदय मिळालेला नेदरलँड्सचा एक गृहस्थ तर त्यानंतर ३९ वर्षांहून जास्त जगला. प्रत्यारोपण झालेल्या लोकांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात. तेव्हा पेशंटला सोफ्यावर बसवून ठेवण्याचं कारण नाही.

गोळी जेवणाशी बांधू नका, घड्याळाशी बांधा

सर्वात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवं हृदय कितीही वर्षं झाली तरी शरीराला परकंच वाटतं. त्यावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि बहुतेकांना सुरुवातीला स्टेरॉइड दिलं जातं. यातल्या टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण फार अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. कमी पडलं तर शरीर हृदय नाकारायला लागतं, जास्त झालं तर हात थरथरतात, डोकं दुखतं, किडनीवर ताण येतो.

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर दोन वेळांत १२ तासांचं अंतर हवं. सकाळी ९, रात्री ९. "जेवण झालं की घेतो" हा हिशेब ठेवला की लग्नाच्या रिसेप्शनमध्ये ११ वाजतात आणि गोळी पर्समध्येच राहते. जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरांनी जसं सांगितलं तसं रोज एकसारखं ठेवा, पण वेळ घड्याळाची. एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र यांत गोळी "उपवासामुळे" टाळणं तर अजिबात नको. निर्जळी उपवासाचा विषय डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढूच नका.

गोळी चुकली तर? लवकर लक्षात आलं तर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर थांबा, आणि दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका. "किती तासांपर्यंत चालेल" हे आपल्या प्रत्यारोपण केंद्राकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर स्वतःच्या मनानं पुन्हा घेण्याआधी फोन करा.

दुसरा घोळ मेडिकलच्या काउंटरवर. "भाऊ, तो ब्रँड संपला, हा घ्या, कंटेंट सेम आहे." इतर औषधांत हे खपतं, इथे नाही. कंपनी बदलायची झाली तर डॉक्टरांना कळवून, नंतर रक्ताची लेव्हल पाहून. आणि रोज एकदा घ्यायची लांब चालणारी टॅक्रोलिमस आणि रोज दोनदा घ्यायची साधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावं सारखी दिसतात, मिलिग्रॅमही सारखे असतात, म्हणून पाकीट घेताना पूर्ण नाव वाचा. निदान १५ दिवसांचा साठा घरात जास्तीचा हवा, कारण औषध नेमकं दिवाळीच्या आठवड्यात संपतं.

लेव्हलच्या दिवशी गोळी आधी की रक्त आधी?

रक्त आधी. टॅक्रोलिमसची लेव्हल म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या लगेच आधी रक्तात औषध किती उरलं आहे, त्याचं मोजमाप. होतं असं: पेशंट सवयीनं सकाळी गोळी घेतो, वरून चहा, मग मुलासोबत नागपूरच्या धंतोलीतल्या लॅबमध्ये जातो. रिपोर्ट फुगलेला येतो. डॉक्टर डोस कमी करतात. आता आधीच बरोबर असलेला डोस कमी पडू लागतो, आणि का ते कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून गोळी डबीत सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच घ्या, आणि लॅबच्या फॉर्मवर आदल्या रात्रीच्या गोळीची वेळ लिहायला लावा. लॅब ८ च्या आधी उघडत नसेल तर रोजचीच वेळ त्या हिशेबानं ठरवून घ्या.

जुलाब लागले तरी लेव्हल वर जाऊ शकते. लोकांना उलटं वाटतं, की औषध वाहून गेलं असेल. त्यामुळे दोन दिवस पोट बिघडलं तर ओआरएस घेऊन घरी बसू नका, केंद्राला कळवा.

"इम्युनिटी वाढवणारं" काहीही नको

मोहल्ल्यातल्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन येतात. मनापासून आणतात, पण ज्या प्रतिकारशक्तीला रोज गोळ्या देऊन दाबायचं आहे तिलाच हलवून जागं करणं, असा तो उद्योग आहे. गुळवेल, अश्वगंधा, जाहिरातीतली चूर्णं, जिममधली पावडर, सगळं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बंद. काकूंना दुखवायचं नसेल तर "डॉक्टरनं मना केलं" म्हणा, विदर्भात या वाक्यापुढे कोणी वाद घालत नाही.

तसंच साध्या औषधांचं. गुडघा दुखला म्हणून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन टॅक्रोलिमससोबत किडनीला त्रास देते. खोकल्यासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन लेव्हल चढवतं. पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झालं की दुकानदार सरळ फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल काढून देतो, त्यानंही लेव्हल चढते. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं लेव्हल पाडतात. कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या, गेलात तरी पहिलं वाक्य "माझं हृदय प्रत्यारोपण झालंय" हेच हवं.

संत्रं खायचं का?

नागपुरात हा प्रश्न येणारच. ज्या फळामुळे टॅक्रोलिमसची लेव्हल चढते ते ग्रेपफ्रूट, आणि त्याच्या जवळचं पपनस. ही दोन्ही पूर्ण बंद. पॅकबंद मिश्र सिट्रस ज्यूसमध्ये ग्रेपफ्रूट असू शकतं, डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. आपलं नागपुरी संत्रं सहसा या यादीत येत नाही, घरी सोलून खाता येतं. फक्त दोन अटी. टॅक्रोलिमसनं रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तसं असेल तर संत्रं, केळं, नारळपाणी यांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. आणि रस्त्यावरच्या गाडीवरचा ज्यूस नको. त्यात दोष फळाचा नाही, बर्फाचा आणि बादलीतल्या पाण्याचा आहे. संत्रा बर्फीचा मोहही आवरा, कारण स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्ही साखर वाढवतात.

तर्री पोह्यांचं म्हणाल तर गरम, वाफाळतं घरी खाल्लं तर पोह्यांचं भय नाही, वरून टाकलेल्या कच्च्या कांद्याचं आणि न धुतलेल्या सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, आहे. सावजी रस्सा उकळलेला असतो, जंतूंची भीती कमी, पण तेल-मीठ पाहून हात आखडा. कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धवट शिजलेलं अंडं, पाश्चराइज न केलेलं दूध, रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न टाळा. शिजवलेलं, ताजं, गरम: एवढ्यात बहुतेक जेवण बसतं.

कूलर, धूळ आणि मे महिना

याबद्दल परगावची माहितीपत्रकं गप्प असतात. आपल्याकडे मार्चअखेरीस गच्चीवरचा कूलर खाली येतो, त्यात गेल्या वर्षीच्या वाळ्यावर बुरशी असते, आणि पहिल्या दिवशी बटण दाबलं की ती सगळी खोलीभर फिरते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून ताट्या नव्या लावा, टाकी घासा, पेशंट दुसऱ्या घरी असताना कूलर तासभर चालवून घ्या. नंतर पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात. घरात तोडफोड, रस्त्याचं खोदकाम, जुन्या माळ्याची झाडलोट सुरू असेल तर पेशंट तिथे नको. बाल्कनीतली कबुतराची विष्ठा त्यानं साफ करू नये, बागेतली माती हातमोज्यांशिवाय उकरू नये.

पारा ४५ च्या पुढे गेला की उभ्या गाडीत ठेवलेलं औषध खराब होतं. पाकिटावरचं तापमान पाहा आणि गोळ्या घरात थंड, कोरड्या जागी ठेवा. या औषधांनी त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा दुपारचा दुपट्टा इथे लू पुरता नाही.

"छान वाटतंय" हा रिपोर्ट नाही

प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तुटतात. त्याचे दोन परिणाम. एक, नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत नेहमीसारखं दुखेलच असं नाही. म्हणून दरवर्षीची अँजिओग्राफी दुखत नाही म्हणून टाळायची नसते, दुखणं कळत नाही म्हणूनच ती करायची असते. मानेच्या शिरेतून होणारी बायोप्सी, म्हणजे हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासणं, तीही तशीच. हृदय नाकारलं जाण्याची सुरुवात बहुधा निःशब्द असते. पहिल्या वर्षी या तपासण्या वारंवार होतात, त्याचा कंटाळा येणं साहजिक आहे, तरी तारीख मोडू नका.

घरी रोज सकाळी वजन, बीपी, ताप एका वहीत लिहा. एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन वाढलं, पायावर सूज आली, जिना चढताना दम लागू लागला, विनाकारण गळून गेल्यासारखं झालं तर त्याच दिवशी फोन. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका. स्टेरॉइडमुळे ताप मुळातच कमी दिसतो, त्यात तो गोळीनं झाकला तर डॉक्टरला काहीच कळत नाही.

नाडी १०० आहे, म्हणून चालणं बंद?

हा नसा तुटल्याचा दुसरा परिणाम. वेग आवरणारी नस नसल्यामुळे बसल्या जागी ठोके ९० ते ११० असणं या हृदयाला नेहमीचं. मुलानं भेट दिलेलं स्मार्टवॉच रात्रभर लाल दिवा लावतं आणि घर जागं राहतं. घड्याळाचा इशारा बंद करायचा की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

चालायला लागल्यावर मात्र हे हृदय उशिरा वेग घेतं, कारण त्याला रक्तातून येणाऱ्या अॅड्रिनलिनची वाट पाहावी लागते, आणि थांबल्यावर उशिराच शांत होतं. अंबाझरी तलावावर जाऊन पहिल्याच मिनिटाला झपाझप चाललात तर पाय गळतात, चक्कर येते, आणि "पाहा, झेपत नाही" असा निकाल लागतो. सुरुवातीची दहा मिनिटं रमतगमत, मग वेग, शेवटची दहा मिनिटं पुन्हा हळू. जोर किती, हे नाडीवरून ठरवू नका. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतात ना, तेवढं पाहा. स्टेरॉइडनं स्नायू आणि हाडं कमजोर होतात, त्यामुळे न चालणं हीच मोठी चूक. पहिले सुमारे तीन महिने छातीचं हाड जुळेपर्यंत जड वजन, स्कूटर आणि हापशी नको. नंतर कामावर जा, नाटकाला जा. दीक्षाभूमीच्या किंवा मारबतीच्या गर्दीत शिरायचं असेल तर आधी विचारून, मास्क लावून.

घरातल्या लहानग्याला पोलिओचे थेंब पाजण्याआधी विचारा, कारण ती जिवंत लस असते. पेशंटला स्वतःला कोणतीही जिवंत लस नको, फ्लूचं इंजेक्शन चालतं. मूल हवं असलेल्या स्त्रीनं मायकोफिनोलेट चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये, त्यानं बाळाला व्यंग येऊ शकतं. औषध बदलून, किमान वर्षभरानंतर, टीमसोबत ठरवून पुढे जाता येतं. नवरा-बायकोचे संबंध हा विषय ओपीडीत कोणी काढत नाही. हाड जुळलं आणि दोन जिने आरामात चढता आले की साधारणतः हरकत नसते, पण विचारायला लाजू नका.

काही जणांना रात्री एकच विचार छळतो: कोणाचं तरी माणूस गेलं म्हणून मी आहे. हा विचार आजार नाही, पण झोप आणि भूक उडवू लागला तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दात्याचं नाव गुप्त ठेवतात, ते शोधत फिरू नका. आभाराचं पत्र द्यायचं असेल तर नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे किंवा आपल्या समन्वयकाकडे विचारणा करा.

खिशात एक कार्ड ठेवा: हृदय प्रत्यारोपणाची तारीख, औषधांची नावं आणि डोस, केंद्राचा फोन. त्यावर तातडीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या दोन औषधांबद्दल दोन ओळी ठळक हव्यात: "ठोके मंद झाले तर अॅट्रोपिन लागू पडत नाही" आणि "अॅडेनोसिनचा परिणाम फार तीव्र होतो". रात्री दोनला अपघात विभागात ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरनं असं हृदय कदाचित पाहिलेलं नसतं. त्याच्या हातात कार्ड द्या, आणि त्याच्यासमोरच केंद्राला फोन लावून द्या.