साताऱ्यात धावायचं तर आधी माहुली, मग यवतेश्वर

पुण्या-मुंबईहून धावायला आलेले बहुतेकजण गाडीतून उतरले की यवतेश्वरचा घाट विचारतात. सप्टेंबरातल्या हिल हाफ मॅरेथॉनमुळे, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीमुळे, त्या घाटाचं नाव सगळ्या धावणाऱ्यांच्या तोंडी आहे. मी मात्र साताऱ्यात नव्याने धावणाऱ्याला आधी उलट दिशेला, नदीकडे पाठवते. आधी माहुली, मग अजिंक्यतारा आणि मांड्या तयार झाल्या की यवतेश्वर. मी शाळेत गणित शिकवते आणि सकाळी काही मुलींना घेऊन धावते. त्यांनाही मी याच क्रमाने नेते.

गावाचा उतार आधी समजून घ्या. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी वसलंय. पश्चिमेची समर्थ मंदिर आणि बोगद्याची बाजू उंचावर. तिथून राजवाडा, मोती चौक, पोवई नाका असं शहर पूर्वेकडे उतरत जातं आणि आणखी पुढे कृष्णा-वेण्णेचा संगम लागतो. म्हणजे पूर्वेला निघालात की पाय आपोआप सुटतात, आणि परतीला तेच अंतर चढावर कापावं लागतं. माहुलीला जाताना मुद्दाम हळू जा.

पोवई नाक्यावरून निघा, पण ग्रेड सेपरेटरच्या भुयारात शिरू नका, वरच्या रस्त्यानेच जा. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात महामार्गाच्या उड्डाणपुलाखालून पलीकडे निघा आणि कोरेगाव रस्ता धरा. जाऊन-येऊन साधारण नऊ-दहा किलोमीटर होतात. उसाच्या हंगामात या रस्त्यावर ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागचा दिवा नसतो, म्हणून उजवीकडून, समोरची वाहनं दिसतील असंच धावा. अलीकडच्या तीरावर संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. १७४९ मध्ये थोरले शाहू महाराज गेले, त्यांची समाधी इथे संगमावर आहे. विश्वेश्वराच्या देवळापाशी थांबून पोटऱ्या ताणून घ्या, पण पावसाळ्यात नदीच्या पायऱ्या उतरू नका. दगडावर शेवाळ असतं. ही फेरी परतीच्या चढावर एकदाही न थांबता पूर्ण व्हायला लागली की पुढचं बघा.

शहरातल्या शहरात धावायचं असेल तर पहाटे साडेपाचच्या आत. राजवाड्यापासून वरच्या रस्त्याने पोवई नाका आणि खालच्या रस्त्याने परत. सात वाजल्यानंतर मोती चौकात धावणं होत नाही. राजवाड्यातल्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं, तिच्यावरून ही फेरी जाते. मुलींना मी तिथे दरवेळी क्षणभर थांबवते. धावण्याच्या वेळात ते बसत नाही, तरीही.

आता अजिंक्यतारा. राजवाड्याकडून अदालत वाड्याच्या बाजूने निघालेली वाट गडाच्या गाडीरस्त्याला मिळते. अंतर फार नाही, पण चढ एकसारखा आहे, मध्ये दम खायला सपाटी मिळत नाही. इथे मनगटावरचं घड्याळ बंद ठेवा. मी एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणते. तीन-चार घरं सलग म्हणता आली तर वेग बरोबर आहे, एकाच घराला धाप लागली तर चालायला लागा. गडाच्या रस्त्यावर चालण्यात कमीपणा काही नाही, अनुभवी माणसंही चालतात. पावलं छोटी टाका, नजर दहा-बारा पावलं पुढे ठेवा आणि वाकायचं ते घोट्यातून. कमरेतून वाकलात की छाती आवळते आणि श्वास पुरत नाही.

चार भिंती याच डोंगराच्या उतारावर आहे, १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक. नव्या माणसाने पहिल्या वेळी तिथपर्यंतच जावं. गडाच्या दरवाज्यापर्यंत पोहोचलात तर आत धावू नका, चाला. पायऱ्यांचे दगड गुळगुळीत आहेत, आणि हा भोज राजाच्या काळापासूनचा किल्ला आहे, तिथे घाईने पाय पडावेत असं मला वाटत नाही. १७०८ मध्ये शाहू महाराजांनी तो घेतला आणि इथून मराठ्यांचं राज्य चालू लागलं. मंगळाईच्या देवळाकडे जा, तळी बघा. आभाळ स्वच्छ असेल तर सज्जनगड, जरंडा, कल्याणगड, चंदन-वंदन अशी सगळी रांग ओळखता येते. घाम वाळायच्या आत विंडचीटर घाला, वर वारा बोचरा असतो.

एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावते. अजिंक्यताऱ्यावर आणि यवतेश्वराच्या रानात बिबट्याचा वावर आहे. फटफटल्याशिवाय वर जायचं नाही आणि एकटीने तर नाहीच. दोघी-तिघी मिळून, बोलत जायचं, कानात गाणी लावायची नाहीत.

मग यवतेश्वर. समर्थ मंदिराच्या पुढे कास रस्त्याला लागलात की घाट सुरू होतो. हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून याच रस्त्याने होते. घाट चढून वर पठारावरून परत फिरायचं आणि तोच रस्ता उतरून गावात यायचं. चढाची भीती सगळ्यांना असते, पण साताऱ्याची शर्यत उतारावर हातची जाते. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन पेलतो, त्याचे तंतू त्यात दुखावतात आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चढून आल्यावर जोरात पळावंसं वाटतं तेव्हा लांब ढांगा टाकल्या की टाच पुढे आपटते आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यात ब्रेक लागतो. त्यापेक्षा पावलं भराभर आणि छोटी टाका, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, हात थोडे बाहेर मोकळे ठेवा. शर्यतीआधी दोन महिने आठवड्यातून एकदा फक्त उतारासाठी घाटात जा. कोणीतरी दुचाकीवरून वर सोडलं तरी चालेल. दुखणं पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा जाऊ नका. सवय झालेली मांडी शर्यतीत दगा देत नाही.

सपाटीवर सात मिनिटांत किलोमीटर जाणारी मी घाट चढताना साडेआठ-नऊ मिनिटं घेते, आणि ते मला योग्य वाटतं. घाटात उजवीकडून धावा, पण आंधळ्या वळणावर डोंगराला चिकटून राहू नका. चालकाला आधी दिसाल अशा बाहेरच्या कडेला या, वळण संपलं की परत उजवीकडे. मुसळधार पाऊस चालू असताना हा घाट वर्ज्य, दरड पडते. धुक्यात भडक रंगाचा टीशर्ट आणि पाठीवर लुकलुकणारा दिवा हवाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासची फुलं बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तेव्हा मंगळवार-बुधवार धरा.

मुली कधी कधी विचारतात, एवढं चढून काय मिळणार? मी त्यांना ललिता बाबरबद्दल सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. माण दुष्काळी तालुका, पाऊसही जेमतेम. तुम्हाला तर दाराशी डोंगर आहे.

ज्यांना लांब पल्ला हवा त्यांनी बोगद्यातून पलीकडे सज्जनगडाचा रस्ता धरावा. साधारण पंधरा किलोमीटर, चढ-उतार दोन्ही, आणि उरमोडी धरणाचं पाणी दिसायला लागलं की गड जवळ आला. बोगदा अरुंद आहे, आत धावू नका, गाड्या थांबल्या की दिवा लावून भराभर चालत पार करा. पाणी दीड लिटर तरी सोबत घ्या. शेवटच्या पायऱ्या चालत चढा, वर समर्थांची समाधी आहे, तिथे बूट काढून बसा. परत धावत यायचं नाही. खाली येऊन साताऱ्याची एसटी धरायची. सुटे पैसे आणि कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठीला बांधा, आणि निघण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी राजवाडा स्टँडवर गाडीची वेळ विचारून या.