हंगामी वन्यजीव टेक्निशियन: फिल्डवरचं काम नीट कसं करायचं

वन्यजीव संशोधनातल्या हंगामी टेक्निशियनला दिवसभर प्राणी बघायला मिळतात, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात दिवस जातो सेल बदलण्यात, गवत कापण्यात, अंतरं मोजण्यात आणि वही भरण्यात. करार तीन ते सहा महिन्यांचा असतो आणि तुम्ही जमवलेले आकडे बहुतेकदा तुम्ही निघून गेल्यावर कुणीतरी दुसरंच उघडतं. त्या माणसाला तुम्हाला काहीही विचारता येणार नाही, हे धरूनच प्रत्येक नोंद करायची. खालच्या बऱ्याचशा सूचना त्यातूनच आल्या आहेत.

हो म्हणण्याआधी

अर्जात प्राण्यांच्या आवडीवर परिच्छेद खर्च करू नका, ती सगळ्यांनाच असते. कोणत्या प्रजाती ओळखता येतात आणि कशावरून (आवाज, ठसा, विष्ठा), कोणती यंत्रं हाताळली आहेत, कच्च्या रस्त्यावर गिअरची गाडी चालवता येते का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, हे लिहा. मुलाखतीत तुम्हीही विचारा: राहण्याची सोय काय, जेवणाचा आणि इंधनाचा खर्च कुणाकडे, आठवड्याची सुट्टी कधी, विमा आहे का, दुर्बीण कोण देणार, आणि अपघात झाला तर सर्वात जवळचं रुग्णालय किती तासांवर. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर प्रकल्पाची तयारी कच्ची आहे असं समजा. सस्तन प्राणी, विशेषतः वटवाघळं, हाताळायची असतील तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यायची. चावल्यानंतरचे उपचार त्यामुळे टळत नाहीत, फक्त सोपे होतात.

कॅमेरा ट्रॅप

कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा, झाडाला बांधलेला कॅमेरा. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर प्राणी 'बघत' नाही. समोरच्या पट्ट्यातली उष्णता अचानक बदलली की तो चालू होतो. म्हणूनच भर उन्हात दगड आणि माती प्राण्याच्या अंगाइतकी तापली की प्राणी समोरून जाऊनही फोटो निघत नाही. उलट उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने डोलत राहिली की रिकाम्या फोटोंनी कार्ड भरतं. जागा निवडताना हे दोन्ही डोक्यात ठेवा.

वाट जिथे अरुंद होते, दोन वाटा जिथे मिळतात किंवा ओढ्यात उतरायला जिथे सोपी जागा आहे, तिथे कॅमेरा लावा. वाटेच्या कडेपासून ३ ते ४ मीटर अंतर ठेवा. जवळ लावला तर फ्लॅशने फोटो पांढराफटक होतो आणि निम्मंच शरीर चौकटीत येतं. मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्यांसाठी उंची ४० ते ५० सेंटीमीटर पुरते, पण ती मोजायची वाटेच्या पातळीपासून. नवखे लोक झाडाच्या बुंध्यापासून मोजतात. झाड उतारावर असेल तर कॅमेरा प्राण्याच्या पाठीवरून तरी बघतो, नाहीतर पोटाखालून. तोंड शक्यतो पूर्वेला किंवा पश्चिमेला करू नका, कारण उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात आणि सेन्सरवर येतो.

पट्ट्यांवरून किंवा ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखायचा असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो, कारण डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी सारखी नसते. दोन्ही अगदी समोरासमोर ठेवू नका. थोडे पुढेमागे सरकवा, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो खराब करतो.

लावून झाला की सेन्सरच्या पट्ट्यातलं गवत आणि लोंबत्या फांद्या काढा, तेवढ्याच. सगळी जागा साफ केली तर प्राण्यांची वाट बदलू शकते. मग कॅमेरा टेस्ट मोडवर टाकून समोरून हातापायांवर रांगत जा, दोन्ही दिशांनी. दिवा लागला तर ठीक. उभ्याने चालून केलेली चाचणी फसवी असते, माणूस सहज पकडला जातो आणि कोल्हा खालून निसटतो. पट्टा आवळताना कॅमेरा हमखास किंचित वर बघू लागतो. मागे एक काटकी खोचून कोन दुरुस्त करा आणि पुन्हा रांगा.

आता घड्याळ. संपूर्ण हंगामात सर्वात महाग पडणारी चूक इथे होते. सेल काढल्यावर काही मॉडेल्स कारखान्यातल्या तारखेवर परत जातात, काहींत दिवस आणि महिना उलटा असतो, आणि १२ तासांच्या घड्याळात सकाळ-रात्र बदलली की दिवसा फिरणारा प्राणी कागदावर निशाचर होतो. त्यामुळे कॅमेरा लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा एका पाटीवर स्टेशनचा (म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेचा) क्रमांक, कॅमेरा क्रमांक, तारीख आणि जीपीएसवरची वेळ लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरा. घड्याळ चुकलेलं निघालं तरी त्या फोटोवरून फरक काढून बाकीच्या वेळा सुधारता येतात. पाटीचा फोटो नसेल तर वेळेचं विश्लेषण सोडून द्यावं लागतं.

सेल एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी बदललेले हवेत. जुने-नवे मिसळले की सगळ्यात कमकुवत सेल बाकीच्यांना खाली ओढतो. लिथियम सेल थंडीत टिकतात, पण त्यांची पातळी शेवटपर्यंत भरलेली दिसते आणि मग एकदम कोसळते. म्हणून टक्केवारीवर विसंबू नका, तारखेवर बदला. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. भरलेली आणि रिकामी कार्डं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. एकाच खिशात ठेवली की कधीतरी भरलेलंच कार्ड पुसलं जातं.

रेषेवरची गणना

लाइन ट्रान्सेक्टवर, म्हणजे प्राणी मोजण्यासाठी आखलेल्या सरळ रेषेवर, दोघांनी आवाज न करता, ताशी एक ते दोन किलोमीटरच्या वेगाने चालायचं. प्राणी किंवा कळप दिसला की थांबायचं आणि तीन गोष्टी घ्यायच्या: रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) अंतर, होकायंत्राने प्राण्याची दिशा, आणि त्या जागी रेषेची दिशा. कळप असेल तर अंतर कळपाच्या मध्यापर्यंतचं घ्या, जवळच्या प्राण्यापर्यंतचं नाही. संख्या त्यानंतर मोजा.

समजा अंतर ६० मीटर आहे, रेषा ४० अंशांवर आणि प्राणी ७० अंशांवर. कोन ३० अंशांचा झाला आणि रेषेपासूनचं लंब अंतर ६० गुणिले साइन ३०, म्हणजे ३० मीटर. होकायंत्र ५ अंशांनी चुकलं आणि कोन २५ झाला की हेच अंतर सुमारे २५ मीटर येतं. कंबरेची सुरी, फोनच्या कव्हरमधलं चुंबक किंवा गळ्यात लटकणारा रेंजफाइंडर एवढी चूक सहज घडवतो. या वस्तू दूर करून मगच वाचन घ्या.

पद्धत तीन गृहीतकांवर उभी आहे: रेषेवरचा प्राणी सुटत नाही, तो हलण्याआधी दिसतो, आणि अंतर अचूक मोजलेलं असतं. प्राणी तुमच्या चाहुलीने दूर सरकला आणि तुम्ही नव्या जागेचं अंतर लिहिलं, तर घनता (ठरावीक क्षेत्रातली प्राण्यांची संख्या) खरीपेक्षा कमी येते. तो जिथे पहिल्यांदा दिसला तिथल्या झाडापर्यंतचं अंतर मोजा. उलट ४-५ अंशांचा कोन आळसाने शून्य लिहिला तर रेषेवर खोटी गर्दी होते आणि घनता फुगते. दहा-वीस-तीस असे गोल आकडे तर आलेख बघताच ओळखू येतात.

कॉलर, विष्ठा आणि बाकीचं

रेडिओ कॉलर (सिग्नल सोडणारा गळ्यातला पट्टा) घातलेल्या प्राण्याची जागा काढायला किमान तीन ठिकाणांहून सिग्नलची दिशा घ्या आणि ते थोड्या वेळात उरका, कारण प्राणी चालत असतो. रेषा एकमेकींना जितक्या काटकोनाजवळ छेदतील तितकं बरं. एक किलोमीटरवरून ५ अंशांची चूक म्हणजे जागेवर सुमारे ८७ मीटर. दरीत सिग्नल कड्यावर आपटून परत येतो, म्हणून उंचवट्यावर चढा आणि रिसीव्हरचा गेन (संवेदनशीलता) कमी करत खरी दिशा शोधा.

विष्ठा हातमोजे घालूनच उचला आणि वास घेऊ नका. मांसभक्षकांच्या विष्ठेत माणसाला लागण करणाऱ्या फीतकृमींची अंडी असू शकतात. आहाराच्या अभ्यासासाठी नमुना वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. डीएनएसाठी ताज्या विष्ठेच्या बाहेरच्या थरातला तुकडा घ्यायचा, कारण आतड्याच्या पेशी तिथे चिकटलेल्या असतात. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे.

जीपीएस बिंदू दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा, म्हणजे सुमारे एक मीटरची बारकाई झाली. यंत्राची स्वतःची चूक त्याहून मोठी असते, म्हणून तिचा आकडाही शेजारी लिहा. गटातला एकजण अंश-मिनिटं-सेकंदांत लिहीत असेल तर ते पहिल्याच दिवशी थांबवा.

गोचिडांच्या भागात पँट मोज्यात खोचा आणि रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू तपासा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढून काढा. काडी पेटवून चटका देणं किंवा तेल लावणं नको. बाहेर पडताना कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार हे लिहून ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर किती वेळाने शोध सुरू करायचा तेही आधीच ठरवा.

वही

पेन्सिल वापरा, जेल पेनची शाई पावसात पसरते. चूक खोडू नका, एका रेघेने कापून शेजारी दुरुस्ती करा. शून्य, रिकामी जागा आणि 'पाहिलं नाही' हे तीन वेगळे अर्थ आहेत. काहीच न दिसलेल्या फेरीचीही सुरुवात, शेवट आणि हवामान लिहा, नाहीतर मेहनतीचा हिशेब जुळत नाही. टंकन त्याच संध्याकाळी करा, वहीच्या पानांचे फोटो काढा आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. शेवटच्या आठवड्यात एक दिवस फक्त हस्तांतरणासाठी राखा: कोणता कॅमेरा पाणी घेतो, कोणत्या स्टेशनचा बिंदू नंतर बदलला आणि कधी, तुम्ही वापरलेल्या प्रत्येक लघुरूपाचा अर्थ काय, आणि कुलपांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत.