डेक उचलण्याआधीचे दोन दिवस

गोव्यात बेतीच्या होडी दुरुस्तीच्या वर्कशॉपात लागलो तेव्हा पहिले तीन महिने मी फक्त ग्राइंडर मारला. पेडण्याहून सकाळची बस, म्हापशाला बदल, आणि मग संध्याकाळपर्यंत फायबरची धूळ. अंगाला खाज सुटते, ती सगळ्यांनाच सुटते. घरी गेल्यावर आधी गार पाणी घ्या. गरम पाण्याने ते बारीक तंतू आणखी रुततात, असं वस्ताद म्हणायचे. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट नसेल तर या धंद्यात येऊच नका.

या लायनीत नव्याने येणारा पोरगा हमखास विचारतो: डेक, म्हणजे होडीचं वरचं झाकण, आणि हल, म्हणजे खालचं धड, वेगळं करणं अवघड असतं का? उचलणं अवघड नसतं. चेन कप्पी असली की चार माणसांत होतं. अवघड आहे ते आधीचं आणि नंतरचं.

मुळात, आतलं कुजलेलं लाकूड बदलायला डेक काढायलाच हवं का, हे आधी ठरवा. छोट्या हातोडीने फ्लोअर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या प्लायवर बद्द. शंका आली तर ६ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा पिवळसर आला तर ठीक, काळपट ओला आला तर आतलं लाकूड गेलं. खराबी उघड्या भागापुरती असेल तर वरूनच फ्लोअर कापून काम होतं, आणि तसंच करावं. ती पुढच्या डेकखाली, हात पोचत नाही अशा जागी शिरली असेल, स्ट्रिंगरही (तळाला ताठ ठेवणारी लांब लाकडं) गेले असतील, तरच झाकण उघडायचं. गिऱ्हाइकाला मोठं काम दाखवण्यासाठी डेक काढणारे मी पाहिलेत. ते सोडा.

आमच्याकडे आलेली होडी १९ फुटी होती, वॉटर स्पोर्ट्सवाल्याची. जूनमध्ये सीझन बंद झाल्यावर वर काढलेली. चालकाच्या सीटजवळ पाय ठेवला की फ्लोअर गादीसारखं दबायचं. खालचा फोम पाणी पिऊन बसला होता. एक घनफूट पाणी म्हणजे २८ किलो, तेव्हा अशी होडी मालकाला ‘इंजिन ओढत नाही’ एवढंच सांगत असते.

पहिला दिवस सोडवण्यात गेला. आधी बॅटरी बाहेर, मग पेट्रोलची टाकी रिकामी. ग्राइंडरची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र नको. इंजिन उतरवलं. स्टिअरिंगची केबल, थ्रॉटलची केबल, दिव्यांच्या वायरी, पेट्रोल भरायचा पाइप, टाकीचा हवेचा पाइप, बिल्ज पंपाचा (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) पाइप, एकेकाला चिकटपट्टी लावून नंबर घातला आणि मोबाइलवर फोटो काढले. मग कडेची रबर पट्टी काढली की खाली सांधा दिसतो. बहुतेक होड्यांत डेक हलवर डब्याच्या झाकणासारखं बसतं, कडेने पॉप रिवेट किंवा स्क्रू आणि मध्ये सीलंट. रिवेटचं डोकं ड्रिलने उडवायचं. सीलंटमध्ये पातळ पट्टी घालून हळूहळू पुढे सरकायचं. पहार घालून उचकटलं तर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, तडकतो.

कप्पीला ताण दिला की डेक कुठेतरी अडकतंच. आमचं नांगर ठेवायच्या खणाच्या निचऱ्याच्या नळीला अडकलं होतं. अडलं की ताण सोडायचा आणि शोधायचं.

आता माझी चूक. वस्ताद वेंगुर्ल्याचे, भातलावणीला दोन दिवस गावी गेले. जाण्याआधी त्यांनी डेक असतानाच चार जागी हलची आतली रुंदी मापून, तेवढ्या मापाच्या लाकडी काठ्या कापून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर. मला सांगून गेले, ‘थोडा थोडा काढ.’ मला वाटलं, ते येईपर्यंत सगळं साफ करून दाखवू. फ्लोअर कापलं, भिजलेला फोम खरवडला, दोन्ही स्ट्रिंगर मुळापासून घासून काढले. हल आतून लखलखीत केलं. टेकू मात्र खाली मधल्या कण्याला होते, बाजूंना एकही नाही.

वस्ताद आले, काही बोलले नाहीत. दोन नंबरची काठी उचलून आडवी धरली. ती दोन्ही बाजूंना टेकायला हवी होती. ती थेट खाली पडली, खडखड वाजत. मग टेप लावला: हल १८ मिलिमीटर फाकलं होतं.

‘घाई कित्याक केलंस रे झिला?’ एवढंच म्हणाले.

डेक आणि फ्लोअर नसलेलं फायबरचं हल म्हणजे उघडी करवंटी नव्हे, ओला पुठ्ठा. त्याच अवस्थेत नवे स्ट्रिंगर फायबरच्या मॅटने जखडले असते तर वाकडेपणा कायमचा बसला असता; वर डेक बसलं नसतं ते वेगळंच, पण तळाला आलेली पोकळी किंवा फुगवटा होडी पाण्यावर धावताना जाणवतो. आम्ही बाजूंच्या खाली टेकू दिले, दोन पट्ट्यांनी कडा थोड्या थोड्या आत ओढल्या, प्रत्येक काठी जागेवर बसेपर्यंत. सकाळी सुरू केलेलं दुपारच्या जेवणानंतर संपलं. मग वरून आडव्या लाकडांनी कडा पक्क्या केल्या, आणि त्यानंतरच स्ट्रिंगर.

पुढचं काम नेहमीचं, पण पावसाळ्यात गोव्यात त्याला वेळ द्या. हवेत एवढा ओलावा असताना काल घासलेली जागा आज पुन्हा घासावी लागते. आमच्या ताडपत्रीखाली हॅलोजनचे दिवे रात्रभर चालू असायचे. प्लाय मरीन, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. कापल्यावर सगळ्या कडांना आधी रेझिन पाजायचं, कारण पाणी कडेतूनच शिरतं. स्ट्रिंगर तळावर थेट टेकवायचा नाही, मध्ये पुट्टीची गादी आणि कोपऱ्याला गोलाई. किलोभर रेझिनला १० ते २० मिली हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन), आणि ते लवकर जमावं म्हणून कोबाल्ट घालायचा असेल तर तो रेझिनमध्ये आधी नीट ढवळून. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच ओतू नका, स्फोट होतो. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, तेव्हा चष्मा काढून कपाळावर ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा.

चवथीच्या चार दिवस आधी डेक परत चढवलं. सीलंटची जाड दोरी ओढून चौघांनी हळू खाली सोडलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात अजून ३ मिलिमीटरची फट राहिली होती. रबर पट्टीखाली ती दिसत नाही, पण मला ती कुठे आहे ते माहीत आहे. त्या दोन नंबरच्या काठीवर वस्तादांनी तारीख घालून ती छपराच्या वाशाला अडकवून ठेवली.