माजघरातला अंधार

गुहागरजवळच्या आजोळघरात, माजघराच्या कौलांमध्ये एक काच बसवलेली आहे. उजेड तेवढाच. भर दुपारी कॅमेरा ऑटोवर ठेवून फोटो काढला, तर काचेखाली पांढराफटक डाग आणि बाकी सगळं काळंकुट्ट. मग कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडून एकच केला, म्हणजे एचडीआर. उतरंडीतलं प्रत्येक मडकं स्वच्छ दिसलं, पण मामी म्हणाली, "आमच्या माजघरात ट्यूबलाइट कधी लावलीस रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, ऊन थेट काचेवर यायच्या आत बसलो. ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, भिंगाचं छिद्र एफ/८, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरतं उजेडाचं माप, काचेखालच्या सारवलेल्या जमिनीवर, आणि मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड. शटर उघडं राहायची वेळ आली पाव सेकंद. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या छटेप्रमाणे रंगांचा तोल, ५५०० केल्विनला बांधून टाकला, कारण ऑटो शेणाच्या सारवणाचा रंगच पुसतो. (हे मला कळायला दोन वर्षं लागली!) नंतर संगणकावर फक्त उतरंडीच्या कडेपुरत्या सावल्या थोड्या उजळल्या.

डावा कोपरा तसाच काळा ठेवलाय. तिथे मांजर झोपलेलं आहे, हे फक्त घरच्यांनाच माहीत.