गुंठाभर गव्हाची मळणी घरच्या घरी

मार्च लागला की निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे गहू पिवळा पडतो आणि हार्वेस्टरसाठी नंबर लागतात. पण द्राक्षबागेच्या कडेला किंवा कांद्याच्या वावरात घरापुरता गुंठा-दोन गुंठे गहू केला असेल, तर तेवढ्यासाठी यंत्र कोणी आणत नाही. ही मळणी हाताने नीट होते, फक्त ओंबी कडक वाळलेली हवी.

दाणा दाताखाली धरून पाहा. कटकन फुटला तर विळा लावा, दबला तर चार दिवस थांबा. अवकाळीचं आभाळ दिसत असेल तर मात्र थोडा आधीच कापून छपराखाली वाळवा. भिजलेला गहू काळा पडतो. कापणी सकाळी करावी, उन्हात दाणे गळतात. मळणी मात्र भर दुपारीच. सकाळच्या दमटपणात तूस सुटत नाही आणि माणूस उगाच दमतो.

मला पोत्याची रीत सर्वांत आवडते. नुसत्या ओंब्या खुडून गोणपाटाच्या पोत्यात भरायच्या, तोंड बांधून काठीने बडवायचं. दाणा इकडेतिकडे उडत नाही. जोर लावू नका. फुटलेला दाणा उगवत नाही आणि त्याला कीड लवकर लागते. कुसळं टोचतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि नाकाला रुमाल बांधा.

उफणताना वाऱ्याला आडवं उभं राहून पाटी खांद्याएवढ्या उंचीवरून हळूहळू रिकामी करा. वारा पडला तर टेबल फॅन चालतो. उरलेला कचरा सुपाने पाखडा. खपली जातीचा गहू असेल तर बडवून भागत नाही, तिचं टरफल उखळात कांडूनच निघतं.

बियाण्याच्या ठसठशीत ओंब्या कापणीआधीच निवडून वेगळ्या मळा. गव्हाचं परागीकरण त्याच फुलात होतं, त्यामुळे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षीही तसंच उतरतं. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक आणि तपोवन हे असेच सरळ वाण आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचं तर गुंठ्याला 1 किलो बी पुरतं. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं फुटतात, त्या वेळचं पाणी चुकवू नका.

खायचा गहू दोन-तीन उन्हं देऊन, रात्रभर गार होऊ देऊन मगच कोठीत भरा. गरम दाणा पत्र्याच्या कोठीत घाम धरतो, आणि तिथूनच बुरशी सुरू होते.